अपेक्षित जमाव

पोलीस ठाण्यातल्या छापील अर्जात
सहावा रकाना: अपेक्षित जमाव.
गेल्या वर्षी मी पन्नास लिहिलं होतं.
आलो नऊ.
बंदोबस्ताला अकरा.
त्यातल्या दोघांनी आमच्या बॅनरची टोकं धरली,
आझाद मैदानावर वारा फार होता म्हणून.

यंदा पेन रकान्यावर टेकवून बसलेय.
समोर हवालदार बोडके डबा सोडतात,
भाकरी, लसणीचा ठेचा.
"लिहा हो बाई, कायपण लिहा,
सहा ऑगस्टला तुमच्याशिवाय कोण येतंय?"
कुचकं नाही बोलत. सतरा वर्षांची ओळख आहे.

तर मोजते.

मी धरून एक.
दुसरे घोसाळकर, माझगाव डॉकचे वेल्डर.
अडतीस वर्षं युद्धनौकांचे सांधे जोडले.
नौका पाण्यात उतरली की नारळ फुटायचा, पेढे मिळायचे,
ते घरी नेले, त्यावर पोरं वाढली. लपवत नाहीत.
"तोफ कुणाच्या दारात वाजणार, मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. तेवढं माझ्याकडे लागतं."
डाव्या डोळ्याने दिसत नाही आता.
फलक मात्र ओळंब्यात धरतात.

तिसरी फिलोमिना, माथारपाखाडीची,
एकाहत्तरच्या ब्लॅकआउटमध्ये जन्मलेली.
सुईणीने टॉर्चला तपकिरी कागद गुंडाळला होता.
आईला तिचं तोंड दिसलं ते सकाळी.
मागे एक पोरगा मोटरसायकल थांबवून ओरडला,
"पाकिस्तानात जा!"
आणि मग जरा घुटमळून, चर्चगेट कुठून?
फिलोमिनाने त्याला नीट सांगितलं,
सिग्नलला डावीकडे, मग सरळ.

चौथा किसन वैती, ट्रॉम्बे कोळीवाड्यातून.
त्याच्या आज्याच्या खुणेचं झाड गेलं,
आता जाळं टाकायला खूण धरतो त्या पांढऱ्या घुमटाची.
भाषणं चालू असली की तो पेंगतो.
एकदाच बोलला:
"ज्याचा फोटू काराला देत नाय, ती वस्तू बरी कशी?"

सबनीस सर धरू नयेत. मार्चमध्ये गेले.
फळ्यावरचा कंपास घेऊन यायचे, लाकडी, खडू लावलेला,
टोक फोर्टात रोवायचे,
पहिलं वर्तुळ भायखळ्यापर्यंत, दुसरं दादर,
तिसऱ्यात त्यांची स्वतःची सोसायटी.
"इथे मी चहा पीत असेन," म्हणायचे,
आणि खरंच कपाएवढा ठिपका काढायचे.
तो नकाशा माझ्याकडे आहे.
रोवून रोवून फोर्टाच्या जागी भोक पडलंय.
घडी घालताना बोट त्यातून आरपार जातं.

बोडके पाण्याची बाटली पुढे करतात.
"बाई, तुम्ही कशापायी हो हे?"

नेहमीचं उत्तर देते. एक बॉम्ब, किती शाळा, किती पाणी.
धाकट्या भावाचं सांगत नाही.
सत्त्याऐंशी साली जाफन्याहून आला, पेटीतून.
आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याच्या नावाचा चौक आहे,
पाटीखाली लोक स्कूटर लावतात.
सांगितलं तर माझं ऐकतील.
त्याच्यामुळे ऐकतील.
मेलेल्या पोराची पुण्याई वापरून
बाकीच्यांनी जे केलं, तेच मीही करायचं का?
हे मला सतरा वर्षांत ठरवता आलेलं नाही.
दरवर्षी पिशवीत त्याचा फोटो असतो.
दरवर्षी तसाच परत येतो.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले.
रकाना कोरा ठेवता येत नाही, तशी तळटीप आहे.
वर्तुळातले सगळे अपेक्षित धरायचे तर
ह्या चौकटीत शून्यं मावणार नाहीत,
आणि बोडके ते वर पाठवणार नाहीत.

बारा लिहिते.

बोडके वाचतात, शिक्का शाईत दाबतात.
"बाराच? मग बंदोबस्त कमी करू?"

नको, म्हणते.
आहेत तेवढे पाठवा.
वारा असतो.