मोड

तेरवीला निघालो होतो. चुकीच्या काळी-पिवळीत बसलो
आणि एका फाट्यावर उतरवला गेलो:
चार टपऱ्या, एक चक्की, पाण्याची रिकामी टाकी,
अर्जुनीची गाडी "येते कधीकधी".

चहा घेतला. दहा रुपये.
खिशात पाचशेची एकच नोट,
कडक, अजून घडी न पडलेली.
पंचफुलाबाईंनी ती उन्हात धरली आणि हसल्या.
"इतक्याची तं माही टपरीच नाही जी."

फोन काढला. फळीवर काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला होताच.
"थे भाच्याचं हाय, नागपूरच्या.
पैसे तिकडंच पडतेत. थो दिवाळीले येते,
तवा हिशोब करतो आमी. नाही तं भांडतो."
शिवाय रेंज फक्त मोहाखाली,
आणि मोहाखाली आधीच तिघे उभे,
फोन आभाळाला दाखवत.

मग आचलला हाक. चौथीतली; दोन वेण्या, रिबीन एकीलाच.
"जाय वं, मोड आन."
नोट मुठीत धरून ती पळाली.
माझे पाचशे रुपये धुळीत लहान लहान होत गेले.

आधी चक्की. लांजेवार दळणाचं पीठच ठेवून घेतो,
पायलीमागे वाटीभर.
पांढऱ्या भुवया वर करून त्याने मान हलवली.
मग न्हावी. त्याची मजुरी वर्षाची, धानाची;
मळणी झाली की घरातली डोकी मोजून
तो कुडो-कुडो उचलतो.
उन्हाळ्यात त्याच्यापाशी फक्त आरसा.
मग तळ्यावरून आलेली सुलकनबाई,
पळसाच्या पानांवर मासोळ्यांचे वाटे मांडून.
तराजू नाही, डोळा आहे.
गिऱ्हाईक कुरकुरलं की ती चार झिंगे वर टाकते,
तिथेच भाव ठरतो.
तिने नोट ओल्या बोटांनी धरली, उलटी करून पाहिली,
परत दिली.

तेवढ्यात किराण्यावर एक म्हातारा
टोपलीभर वाळका मोहा ओतून
मीठ, दोन काडीपेट्या, बिडीचा कट्टा घेऊन गेला.
कोणी कोणाला किंमत विचारली नाही.
मी मात्र बाकावर बसून गुणाकार करत राहिलो,
मोहा किलोला इतका, मीठ तितकं,
लुटलं की काय याला?
अर्ध्या वाटेवरून तो परत आला.
एक काडीपेटी सादळली म्हणून
दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या,
आणि दोनाच्या तीन घेऊन गेला.
माझा गुणाकार तिथेच फसला.

आचल आली, धापा टाकत. "नाही भेटला."
नोट आता मऊ पडली होती.
तिला पिठाचा वास होता, मासोळीचा होता,
कोपऱ्याला अंगठ्याचा घाम.
होती अजून पाचशेचीच.

आणि गाडी आली. खरंच आली.
मी घाईत म्हणालो, "राहू द्या, ठेवा नोट."
पंचफुलाबाईंचा चेहरा उतरला,
मी काही वावगं बोललो असावं तसा.
"चा दहाचा हाय. तुमी पाचशेचा कायले करता?"

टपरीच्या दारावर आतून खडूने नावं होती.
बाबुराव ३. मास्तर ११. टावरवाला ७, अर्धा पुसलेला.
खालच्या फळीवर जागा शोधून
आचलने माझं नाव विचारलं.
मी सांगेपर्यंत लिहून मोकळी झाली:
पावना १.

कंडक्टरने नोट क्षणात मोडली.
त्याच्या चामडी पिशवीत दहाच्या नोटांचं बंडल,
रबर लावलेलं.
मी खिडकीतून हात काढला तोवर
चक्की गेली, टाकी गेली, फाटा वळला.

ती दहाची नोट मी पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे.
दोनदा चुकून खर्च झाली.
दोनदा तिच्या जागी दुसरी ठेवली.