मीटर मागच्या अंगाला

रविवारी सकाळी साडेसहाला रविवार कारंजावर
चौदा माणसं जमतात, टोप्या घालून.
मी नावं विचारतो, पैसे घेतो,
घसा साफ करून म्हणतो :
हे शहर नऊ टेकड्यांवर वसलं.
नऊ कोणत्या, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.
मला सहाच येतात.

बत्तीस वर्षं याच गल्ल्यांतून फिरलो,
वही काखेत, पेन्सिल कानावर.
पाणीपुरवठा, जुने नाशिक, विभाग दोन.
तेव्हा एकही दार पुढून माहीत नव्हतं.
आता चौकटीवरचे मोर दाखवतो,
गणेशपट्टी, शिसवी कमान,
आणि मनात आपोआप उमटतं :
अर्धा इंची जोड, थकबाकी, कुत्रं चावरं.

दहीपुलावर उपासनी डॉक्टर थांबतात.
मेमध्येच युरोप करून आलेत.
तिकडे, म्हणतात, अख्खं जुनं गाव जसंच्या तसं,
दगडी फरसबंदी, एक वायर दिसणार नाही,
गाईड छत्री उंच धरून पुढे,
आणि रात्री आठनंतर रस्त्यात चिटपाखरू नाही.
राहतं कोण तिथे? मागून कुणीतरी विचारलं.
डॉक्टर म्हणाले, तसं राहत... हॉटेलं आहेत.
माझ्या वहीत याला एकच शेरा असायचा :
घर बंद.

मी टाचेने रस्ता ठोकला.
म्हटलं, इथे खाली सरस्वती वाहते. नाला. झाकलेली.
कान लावा.
तेरा जण हसले.
मिथिला नावाची सातवीतली एक खरंच वाकली.
काका, वास येतोय.
म्हटलं, आवाजाआधी तोच येतो.

तांबट गल्लीत शिरलो नि ठोके थांबले.
जवळचा, मग पलीकडचा, मग पार टोकाचा.
मी हात पसरून सुरुवात करणार,
तर करड्यांची सून दारात.
एका हातात चिंचेचा गोळा,
काखेत अर्धा उजळलेला हंडा.
मीटर मागच्या अंगाला आहे, म्हणाली,
आणि मागचं बिल भरलंय.

रिटायर होऊन सात वर्षं झाली.
सांगता आलं असतं.
पण पाय आधीच वळले होते,
आणि पायांमागे चौदा जोडी बूट,
मधल्या खोलीतून, झोपलेल्या पोराला ओलांडून,
घंगाळांच्या उतरंडीला कोपर लागू न देता,
न्हाणीजवळच्या कोनाड्यापाशी.
मी गुडघ्यावर बसलो. झाकण वर केलं.
काचेवर वाळका गाळ. अंगठ्याने पुसला.

शून्य चार एक आठ सहा.
काटा मेलेला.

पुरात गेला, ती म्हणाली,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं ना,
तेव्हा आमच्याकडे इथवर.
आणि चिंचेचा ओला हात भिंतीवर ठेवला.
खाली चुन्याचा रंग वेगळा, वर वेगळा.
सगळ्यांनी आपापली उंची मोजली, न बोलता.
डॉक्टरांनी टोपी काढली, कशाला कुणास ठाऊक.
मिथिला भिंतीला पाठ लावून उभी राहिली.
रेघ तिच्या डोक्यावरून गेली,
चार बोटं वर.

फोटो कुणी काढला नाही.
म्हणजे एकाने काढला, पण नंतर.

चहा झाला. कप पाच,
बाकीच्यांना विकायच्या फुलपात्रांतून,
कल्हई ताजी, ओठ भाजणारी.
एका बाईंनी तिथेच दोन घेतली, घासाघीस करून.
सरकारवाडा राहिला, सुंदरनारायण राहिला,
पैसे परत कुणी मागितले नाहीत.
डॉक्टर मंडळींना घेऊन बाहेर पडले,
मिटलेली छत्री उंच धरून.
ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

मी झाकण लावत होतो.
मग बदलणार कधी? तिने विचारलं.

वरती कळवतो, म्हटलं,
जसं बत्तीस वर्षं म्हणत आलो.
ती हसली. मीही.

ठोके पुन्हा सुरू झाले,
या वेळी पार टोकाचा आधी.