आडनावाच्या अलीकडे

आर्डिथ व्हान डर स्लाउस, वय अडुसष्ट,
कॅलमझूमध्ये एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त,
झेलंडच्या दफ्तरखान्यात बसलीय
कोट न काढता.
बाहेर मार्चचा वारा सायकली आडव्या पाडतोय.

पिशवीत घरच्या बायबलच्या पहिल्या पानाची झेरॉक्स:
कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं,
जुळ्यांना दोघांत मिळून एकच ओळ.
सगळ्यात वर, शाई विटून चहासारखी झालेली:
तूनिस. वेस्टरझंड.
त्याच्या वर कोरा कागद.

टांट ग्रीट सांगायची, ‘व्हान’ लागतं ते सरदारांना.
इथे येऊन दलदल उपसली आपल्या लोकांनी, सेलरी लावली,
काळ्या मातीत रुतू नयेत म्हणून
घोड्यांच्या खुरांनाही लाकडी जोडे घातले,
पण त्याआधी, पोरी, गढी होती आपली,
भोवती पाणी, पाण्यात हंस.
हंसांवर ती ठाम होती.

हुब्रेख्त, दफ्तरातला माणूस,
पेन्सिलीचं मागचं टोक ओळींखालून सरकवत वाचतो.
आधी डच, मग थांबून इंग्रजी.
“‘व्हान’चं फार मनावर घेऊ नका.
कुठला, तर तिथला, एवढंच ते.
स्लाउस म्हणजे पाणी अडवायचं दार.”
गावाच्या नावाला ‘कर’ जोडावा
त्याहून जास्त काही नाही.

मग तो गप्प होतो.
चष्मा कपाळावर नेतो, परत खाली आणतो.

“सतराशे त्रेसष्ट, जानेवारीची नऊ. कालवे गोठलेले.
मुलगा. अंदाजे तीन आठवड्यांचा.
बाप माहीत नाही. आई माहीत नाही.
जळणाच्या टोपलीत, निळ्या चौकड्यांच्या कापडात,
दाराच्या पूर्वेकडच्या खांबाशी
सापडला पाटकरी तूनिस याला.
नाव त्याचंच दिलं. आडनाव जागेचं.
डाव्या मुठीत…” इथे शाई पसरलीय.
“डाव्या मुठीत काहीतरी.”

काय?
हुब्रेख्त भिंग आणतो. दिवा वाकवतो.
एखादं अक्षर लागतं,
बाकीचं कागदानं पिऊन टाकलंय.
अडीचशे वर्षं मूठ मिटलेलीच.

वेस्टरझंडला बस तासाला एक.
ड्रायव्हर वळण जरा जोरात घेतो
आणि तिचा उजवा पाय
नसलेल्या ब्रेकवर दाबला जातो.

दार आता लोखंडी, विजेवर चालणारं.
पूर्वेकडचा खांब कुठला, कुणाला माहीत,
पूर्व तेवढी तशीच.
ती वाकून पाहते. शेवाळ. सिगारेटचं थोटूक.
एक बदक.

ती बाई कुठून आली असेल?
बांधावरून, की बर्फ झालेल्या कालव्यावरून?
टोपली ठेवून तशीच गेली,
की पलीकडच्या लव्हाळ्यात थांबून राहिली
कंदील दिसेपर्यंत?
तो रोज येतो हे तिला ठाऊक असणार.
पाण्याची दारं कुणीतरी रोज बघावीच लागतात.

लाल दिवा लागतो. वरच्या खोलीतून कुणी ओरडतं:
वाळूची बार्ज येतेय, बाजूला व्हा!
आर्डिथ बाजूला होते.
दोन दारांच्या मध्ये पाणी चढू लागतं,
त्याला कसलीच घाई नाही.

रात्री फोन. तिकडे दुपार.
टांट ग्रीट, वय चौऱ्याण्णव.
“मिळाली का गढी?”
“नाही.”
“हंस?”
आर्डिथ खिडकीबाहेर बघते.
“पाटकरी होता एक,” ती म्हणते. “त्यानं उचलून घेतलं.”
पलीकडे बराच वेळ काही नाही,
नुसता टीव्ही, आणि कपात चमचा फिरल्याचा आवाज.
“थंडी असेल,” म्हातारी म्हणते.
“कापड जाड होतं का, ते विचारलंस?”