आधी पियानो

सात तारखेला पोहण्याचा तलाव पुन्हा उघडला.
दाराशी बर्फ उकरून ठेवलेला, पायऱ्यांवर राख,
आणि गरम कुंडावर नेहमीसारखी एवढी वाफ
की आत कोण बसलंय ते खोकल्यावरून ओळखायचं.

पंधरा दिवस, ईस्लेवूर,
मी तुझ्याशी भांडत होते.

नाताळच्या आधी आपण वाद जिथे टाकून उठलो
(गावात आधी फोन आला की पियानो)
तिथे मी खूण करून ठेवली होती,
विणता विणता उठावं लागलं की टाके मोजून ठेवतात तशी.
तू म्हणालास, फोन. फोनच.
आणि शेवटचा शब्द खिशात घालून चालू लागलास,
पोहायच्या चड्डीला खिसा नसतानाही.

सणाच्या रात्री धुरावलेलं मटण कापताना
मी तुला उत्तर दिलं.
सुनेला वाटलं, सुरीशी बोलतेय.
पियानो आला दोन होड्या एकीला एक बांधून,
आई तेव्हा नऊ वर्षांची, काठावर उभी,
तिने ओढणारे हात मोजले होते: अठरा.
त्यातला एक लोहार होर्दूरचा डावा,
जो पुढच्या हिवाळ्यात दोरखंडात सापडून गेला.
आणि फोनचे खांब होर्दूरने एका हाताने रोवले,
हे तर शेंबडं पोरही सांगेल.
आता बोल.

तू बोललास.
म्हणजे तू नाही, माझ्या डोक्यातला तू,
रात्री तीन वाजता, उशीच्या थंड बाजूकडून:
खांब नंतरचे गं. पण पाद्र्याच्या भिंतीवर
फोन आधीच टांगलेला होता, तारेशिवाय.
आला म्हणजे आला.
वाजला कधी, असं विचारतेस?
मग तुझा पियानोही सूर लावणारा येईपर्यंत
तीन वर्षं मुकाच होता.

मी उठून बसले.
एवढं धारदार तू जन्मात कधी बोलला नव्हतास.
पुढचे सहा दिवस नातवंडं फटाके उडवत होती,
आणि मी त्या एका वाक्याशी झुंजत होते,
भांडी घासताना, बूट काढताना,
चर्चमध्ये तर उघडउघड.

तर आज आले. तयारीनिशी.
वाफेत तुझं डोकं दिसलं, केस जरा विरळ झालेले,
शेजारी स्टेइनर, कान पाण्याखाली घालून, नेहमीसारखा.
मी पाय आत सोडायच्या आधीच म्हणालास,
"असेल बाई, पियानोच असेल. तुझंच खरं."

असं?
इतकं स्वस्त?
मग गुडघ्याचं सांगितलंस.
मग सांगितलंस की विमानं बंद होती,
डेन्मार्कहून मुलगी आली नाही,
पानाच्या पोळ्या केल्या होत्यास, नक्षी कापून, चाळीस,
अजून डब्यात आहेत.
हे सगळं पाण्याकडे बघत, हवामान सांगावं तसं.

पंधरा दिवस माझ्या घरात तू बोलत होतास.
तुझ्या घरात "नाही" म्हणायला कोणी नव्हतं.

"थांब," मी म्हटलं. "आणि पाद्र्याच्या भिंतीवरचा फोन?"
"कुठला फोन?"
"तारेशिवायचा. आला म्हणजे आला."
तू मान वर केलीस.
भुवईवर गोठलेलं पाणी होतं, ते हलकेच तडकलं.
"तारेशिवाय? अगं, तारेशिवाय फोन म्हणजे
लाकडी खोकं! उद्या म्हणशील
ताबूत आला म्हणजे माणूस मेला!"
"मग मुका पियानो काय, कपाट?"
"कपाटच! पण सुरांचं कपाट!"

आणि तू चक्क उठून उभा राहिलास,
उणे नऊमध्ये, छातीवरून वाफ निघत,
माझी बाजू माझ्याच तोंडावर मारायला.
ते वाक्य मुळात कुणाचं होतं
हे तुला मी कधीच सांगणार नाही.

स्टेइनरने पाण्यातून एक कान बाहेर काढला.
"आधी रेडिओ आला," तो म्हणाला.
त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.