शिसपेन्सिल

म्वांझाच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी
बुलुगूंनी माझ्या खिशाचं पेन काढून घेतलं
आणि कानामागची अर्धी झिजलेली शिसपेन्सिल हातात दिली.
म्हणाले, शाई इथे टिकत नाही.
अल्कोहोलमध्ये अक्षरं सैल होतात,
झायलीनमध्ये उरलीसुरली निघून जातात.
मग काच असते, पेशी असतात
जांभळ्या, गुलाबी, अगदी स्पष्ट,
फक्त माणूस नसतो.

मला हसू आलं.
शिसपेन्सिल पहिली-दुसरीतल्या पोरांची,
पक्कं काय ते शाईचं,
काळ्या दगडावरची रेघ वगैरे
शिकून आले होते मी.

मग त्यांनी दोन काबुलांचं सांगितलं.
पावसात जन्मली की आमच्यात काबुला,
ओपीडीच्या बाकावर हाक मारली
तर चार जणी उठतात.
एक उकेरेवे बेटावरची, दगा मासळी वाळवणारी.
एक मबातिनीतली, शिवणयंत्रावर गणवेश शिवणारी.
दोघींच्या स्तनांत गाठ.
दोघींचे तुकडे जॅमच्या बाटल्यांतून आलेले,
एकाच मंगळवारी, एकाच निळ्या शाईत.
रंगवताना शाई धुतली गेली,
आणि त्या दिवशी जो कुणी कामावर होता
त्यानं आठवून आठवून नावं परत लिहिली.

जो कुणी होता, म्हणाले बुलुगू.
खिडकीपलीकडे सरोवरावर बोट भोंगा देत होती,
तो संपेपर्यंत थांबले.
मी होतो.

गणवेशवालीचा स्तन काढला. त्यात काही निघालं नाही.
बेटावरचीला सांगितलं, काही नाही, जा घरी.
तिनं पुढच्या बोटीनं पिशवीभर दगा धाडली,
लॅबमधल्या सगळ्यांसाठी.
आम्ही ती उगालीबरोबर खाल्ली, म्हणाले.
चांगली होती.

त्यानंतर त्यांनी मासळी सोडली
आणि एक वही धरली.
तिच्यात फक्त चुकलेलं लिहायचं, तारखेसकट, स्वतःच्या नावासकट.
डॉक्टर फेलिस्तांनी वही वाचली, काही बोलल्या नाहीत,
पण शंकेची प्रत्येक काच दुसऱ्या डोळ्यांकडे पाठवू लागल्या,
फोनवर फोटो काढून, कधी मध्यरात्री,
पार डोंगरापलीकडच्या त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे.
तिचं उत्तर कधी कधी नुसतं एवढंच:
झोप आता. तू बरोबर आहेस.
कधी: थांब. पुन्हा काप.

राजधानीतून पाहुणे आले होते एकदा
गुणवत्तेवर बोलायला. पडद्यावर बाण, वर्तुळं,
वर्तुळांतून पुन्हा बाण.
बुलुगू मागच्या खुर्चीत
ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत बसले होते.
साली त्यांच्या मांडीवर पडत होत्या.
चहाच्या वेळी त्यांनी एकच विचारलं,
बाटलीतलं फॉर्मलिन वेळेवर मिळेल का?

आता ते नाहीत कामावर. वही माझ्याकडे आहे.
माझीही दोन पानं भरली आहेत तिच्यात.

आज बेटावरून एक मुलगी आली,
बाटली पदरासारखी कांगाच्या टोकात बांधून,
जणू आतलं काही सांडेल.
मी काचेची खरखरीत कड पुढे ओढली.
नाव?
काबुला.
आईचं नाव?
ती चमकली. आई कशाला? ती तर गेली.
तरी सांग.
तिनं सांगितलं, अगदी हळू,
आणि बाहेर पुन्हा बोटीचा भोंगा झाला.

ऐकू आलं नाही, म्हटलं.
परत सांग. आणि मी लिहीन ते बघ,
बरोबर आहे का.