उंचीची नोंद

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
मी गावातली पोरं भिंतीला टेकवून उभी करते.
टाचा मागे, मान सरळ, केस दाबून पट्टी.
रोशनी, ब्याण्णव. झिपरूचा धाकटा, एकोणनव्वद पूर्णांक चार.
अंगणवाडीचं रजिस्टर चोपड्याला जातं,
तिथं कुणी वाचतं का, माहीत नाही.

माझ्या घरची नोंद दाराच्या चौकटीवर,
दर अखाजीला, खिळ्यानं ओढलेली.
हर्षल तीन वर्षांचा. चार. पाच.
आणि चौकटीपासून हातभर अंतरावर खुंटी.
खुंटीला यांची बारा बोअर,
जिनिंगची रात्रपाळी संपली की पट्ट्यासकट तिथं,
शेजारी काडतुसांची पिशवी.
लग्न होऊन आले तेव्हा तिच्याकडे पाठ करून झोपायची.
मग ती छत्रीसारखी झाली,
म्हणजे दिसेनाशी.

पण मी पट्टी लावणारी बाई.
तीन वर्षांत पोरगं वीस सेंटिमीटर वर आलं,
खुंटी होती तिथंच.
आणि हात वर केला की आणखी दीड वीत;
रजिस्टरात वर केलेल्या हाताचा रकाना नसतो.

तेव्हा ती कपाटावर गेली, गोधडीत गुंडाळून.
उंची म्हणजे कुलूप, असा आम्हा दोघांचा समज.

मे महिना. लाईट गेलेली. दुपारी घरी आले तर
कपाटापुढे कोठी सरकवलेली,
कोठीवर पाट, पाटावर पातेलं उपडं.
नळीवर केळीच्या वेफरचं तेल,
चार बोटं आणि एक अंगठा.
पिशवीतली काडतुसं मोजली. परत मोजली.
नऊ.
दहावं गोट्यांच्या डब्यात सापडलं,
लाल, पितळी बुडाचं,
सगळ्या गोट्यांपेक्षा देखणं.

हे म्हणाले, "त्याले सांगेल शे मी, हात लावानं नई.
समजदार पोऱ्या शे."
मी म्हटलं, समजदार आहे
म्हणून तर पातेलं उपडं ठेवलं.

पुढचे पाच महिने मी एका डोळ्यानं झोपले.
मग निवडणूक लागली, आचारसंहिता,
तालुक्यातल्या बंदुका ठाण्यात जमा.
पावती यांच्या खिशात, आणि मी
दिवस उजाडेस्तोवर मेल्यासारखी झोपलेली.
घरात एवढी झोप शिल्लक होती, हे मला ठाऊक नव्हतं.

परत आणायला मीही गेले.
हवालदाराला म्हटलं, अजून थोडे दिवस ठेवता का?
तो हसला. "बाई, हे काय पाळणाघर आहे?"
मी गप्प. पाळणाघर माझ्याकडेच आहे.

सरकारी भाऊबीजेचे पैसे आले ते यावल रोडच्या
मुश्ताक वेल्डरला दिले.
लांब लोखंडी पेटी, मागून चार बोल्ट, भिंतीत.
बंदूक तिच्यात, रिकामी, उघडून दोनदा बघितलेली.
काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोलीत, वेगळं कुलूप.
एक किल्ली यांच्या करगोट्याला,
एक माझ्या कमरेच्या पिशवीत.
दोघं एकत्र आल्याशिवाय ती बंदूक बंदूक होत नाही.
आमच्या संसारात दोघांची संमती लागणारी
ही पहिली गोष्ट.

राग आला यांना. आठ दिवस कळण्याच्या भाकरीला नावं ठेवली.
नंतर एका रात्री जाग आली तर
अंधारात उभे राहून कुलूप ओढून बघत होते,
एकदा, आणि परत एकदा.
मी डोळे मिटूनच घेतले.

या अखाजीला हर्षल चौकटीपाशी उभा राहिला.
"पेटीत काय आहे, मला माहितीये."
बंदूक आहे, मी म्हटलं. लपवलेलं तर तू शोधतोसच.
किल्लीचं त्यानं विचारलं. किल्लीचं मी सांगितलं नाही.
टाचा टेकव, म्हटलं. सगळी पोरं टाचा उचलतात.
एकशे एकवीस.

खुंटीला आता त्याचं दप्तर.
उडी मारून अडकवतो,
दोनदा चुकतं,
तिसऱ्यांदा बसतं.