चाकामागचा चिरा

नागाळा पार्कात, पाचव्या मजल्यावर
आमच्या फ्लॅटला गॅलरी आहे.
तिथून पंचगंगा दिसते म्हणे,
हवा स्वच्छ असली तर जोतिबाचा डोंगरही.
हे मला शीतलनं सांगितलंय, मी पाहिलेलं नाही.
धुणं तोच वाळत घालतो.
शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस बाई.

उंची मला आधी तळव्यांत कळते.
मग गुडघ्यांचं ताक होतं,
आणि डोकं सगळ्यात शेवटी येतं,
उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं
काय झालं, काय झालं विचारत.

आप्पांचा ट्रक होता.
शाहूपुरीत गुळाचे रवे भरायचे,
कळे, साळवण, गगनबावडा.
तिथं चहा.
आप्पा बशीत ओतून घ्यायचे
आणि साय धरेपर्यंत नुसते बघत बसायचे.
मला वाटायचं, गरम असेल.

मग करूळचा घाट.
जाताना गूळ, येताना जांभ्याचे चिरे.
उतरताना दरी माझ्या अंगाला
आणि माझ्या दाराला कडी नव्हती,
काथ्याची दोरी होती, दस्तगीरनं बांधलेली.
त्या दोरीच्या गाठीकडं बघत
मी पाढे म्हणायचे, मोठ्यानं.
एकोणतीस साती अडलं की
आप्पा ओरडायचे, थांबू नको, म्हण, म्हण.
शाळेची एवढी काळजी करणारा बाप
आमच्या गल्लीत दुसरा नव्हता.

त्या वर्षी दस्तगीर तापानं वैभववाडीतच राहिला.
वर चढताना धुकं असं,
की बॉनेटवरचं लिंबूसुद्धा दिसेना.
वळणावर समोरून एसटी आली,
आप्पांनी ब्रेक दाबला,
आणि ट्रक, दोनशे चिऱ्यांसकट,
मागं
सरकला.

थोडासाच. वीतभर असेल.
ती वीत अजून संपलेली नाही.

पोरी, उतर. चिरा लाव चाकाला.
खाली बघू नको. चाकाकडं बघ.

नऊ वर्षांची होते मी. चिरा पोटाशी धरला,
फ्रॉक तांबडा झाला.
मागचं चाक माझ्याहून उंच,
त्याच्या मागं दोन हात रस्ता
आणि रस्त्यामागं पांढरं काहीतरी,
ज्यात एक टिटवी ओरडत होती,
माझ्या पायांच्या
खालून.

चिरा लावला.
चाक त्यावर टेकलं तेव्हा करकरलं ते,
माणसानं दात खावेत तसं.
भीती तेव्हा वाटली नाही, खरंच.
ती गगनबावड्यात आली, हॉटेलच्या बाकड्यावर,
भजी समोर असताना,
आणि मग घरीच राहिली.

आप्पा गेले त्याच्या आदल्या महिन्यात
मी त्यांची नखं काढत होते.
अचानक म्हणाले,
मला लई भ्या वाटायचं गं त्या घाटाचं.
तू बडबडत बसायचीस, म्हणून न्यायचो तुला.
पाढे बरोबर हुते का चूक, कुणाला कळतंय.

मी पुढचं नख धरलं.
करंगळीचं. जाड झालेलं.

तो चिरा आमच्याकडं आहे.
गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटतं
म्हणून त्याला लावलाय.
आलेगेले विचारतात, एवढा मोठा कशाला?
शीतल म्हणतो, माहेरचा आहे.

परवा शीतल सांगलीला गेलेला,
अवकाळी थेंब पडायला लागले
आणि दोरीवर सगळं घरदार.
मी चिऱ्यावर एक पाय ठेवला.
खडबडीत, गार.
खाली बघितलं नाही. चिमट्यांकडं बघितलं.
एकोणतीस एके, टॉवेल.
एकोणतीस दुणे, शीतलचा शर्ट.
दुसरा शर्ट. उशीचा अभ्रा.
परकर पार पलीकडच्या टोकाला होता.

तो भिजला.
भिजू दे.